सरावातल्या ईमेल

माझ्या धाकट्या जावेने पोरं लहान असताना नोकरी सोडली होती. पोरं शाळेत रुळली तशी ती पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली आणि पहिलंच काम तिला आमच्या केंद्रात मिळालं. मी तिथे टेबल सांभाळते. आजारी माणसांना चाकाची खुर्ची, कुबड्या, वरखाली होणारा पलंग असं सामान आम्ही वापरायला देतो. लोक नेतात हौसेने, परत आणायचं मात्र साफ विसरतात.

त्यासाठी धाकटीने वेबसाइट बांधली. वेबसाइट उभी करायला फ्लास्क नावाचा एक हलका सांगाडा असतो म्हणे. तो एकटा फारसं काही करत नाही. त्याला जोडण्या लावायच्या. सामानाची नोंद ठेवायला एक, आत शिरताना पासवर्ड विचारायला दुसरी, परतीची आठवण करून देणारी ईमेल पाठवायला तिसरी. कुणी कुणी आधीच लिहून ठेवलेल्या असतात, आपण आणून बसवायच्या.

"म्हणजे सगळं दुसऱ्याचंच! तू काय केलंस?" भावजींनी जेवताना चिडवलं.

"तुम्ही घर बांधलंत तेव्हा नळ घरीच ओतले होते का?"

भावजींनी भाजी वाढून घेतली.

केंद्राच्या डॉक्टरबाई शब्दाला पक्क्या आणि हसायच्या बाबतीत काटकसरी. त्यांनी धाकटीला सांगितलं, "महिनाभर बघू. सामान परत येऊ लागलं तर हे काम कायमचं तुमच्याकडे. नाहीतर आपला फोनच बरा."

महिना सरत आला तरी एक कुबडीसुद्धा परत आली नाही. पडद्यावर मात्र प्रत्येक नावापुढे 'ईमेल पाठवली' असं ऐटीत लिहिलेलं. एक गृहस्थ बायकोसाठी पलंग मागायला रोज यायचे आणि रोज मला त्यांना नाही म्हणावं लागायचं. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "उद्यापासून फोन सुरू करू."

धाकटी माझ्या टेबलाशी येऊन धपकन बसली. "ताई, ती ईमेलची जोडणीच भिकार आहे. मीच लिहायला हवी होती."

"अगं, तुझ्या स्वतःच्या पत्त्यावर एक पाठवून तर बघ."

तिने पाठवली. 'पाठवली' असं दिसलं, पण आली काही नाही. मग ती त्या जोडणीची माहिती उघडून ओळ न् ओळ वाचत बसली आणि एकाएकी तिने कपाळावर हात मारून घेतला.

"काय गं?"

"बांधताना मी चाचणी चालू असल्याचं लिहून ठेवलं होतं. ते काढायचंच राहिलं! चाचणी म्हटल्यावर ही जोडणी ईमेल तयार करते, पण बाहेर सोडत नाही. सरावात लोकांना त्रास नको म्हणून."

"म्हणजे ती बिचारी तुझंच ऐकत होती."

"माझ्या पोरांपेक्षा जास्त!" ती हसली आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "ताई, जोडणीच बिघडली होती असं सांगू? डॉक्टरबाईंना कुठे कळतंय?"

 मी मनात देवाचं नाव घेतलं, तेवढंच. धाकटी पदराशी चाळा करत उठली आणि आत डॉक्टरबाईंकडे गेली. दार अर्धं उघडं होतं.

"बाई, चूक माझी आहे. एकही ईमेल गेलेली नाही."

"दुरुस्त कधी होईल?"

"आत्ता. एकच शब्द बदलायचाय."

"मग बदला. फोनचं दोन दिवसांनी बघू."

तिने तो शब्द बदलला, वेबसाइट बंद करून पुन्हा चालू केली आणि राहिलेल्या सगळ्या आठवणीच्या ईमेल एकदम पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ही गर्दी! खुर्च्या, काठ्या, वॉकर. एक आजोबा म्हणाले, "आम्हाला वाटलं तुम्हीच विसरलात." पलंग टेम्पोतून आला, तो मी खाली उतरवूच दिला नाही. तसाच त्या गृहस्थांच्या घरी धाडला. देवाने ऐकलं, दुसरं काय!

डॉक्टरबाईंना दारातून शिरायला जागा उरली नव्हती. वॉकरच्या ढिगापलीकडून त्यांनी धाकटीला हाक मारली, "काम तुमचंच हो! पण आधी मला आत घ्या."