रुद्रप्पांच्या नातीची पाठ

रुद्रप्पा, आधी एक कबूल करा. माझ्या संशोधनाचं वाटोळं तुम्हीच केलंत. मी इतकी वर्षं लोकांपुढे दोष तापमापक यंत्राला देत आले. तुम्ही प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई, कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मी पुण्याची एम.एस्सी. झालेली बाई. तेव्हा चूक तुमचीच असणार, हे उघड आहे.

त्र्याहत्तर साल. नुकती जन्मलेली उंदराची पिल्लं, बिनकेसांची, शेंगेएवढी, अंगात ऊब कशी तयार करतात ते मला मोजायचं होतं. विभागप्रमुखांना हसू आवरेना. "सोलापुरात थंडीवर संशोधन? बाई, इथं माणूस उन्हानं मरतो!" एवढे मोठे विद्वान, त्यांना खोटं कोण पाडणार!

काम सोपं होतं. एकेक पिल्लू आईपासून उचलायचं, काचेच्या बशीत एकटं ठेवायचं, अर्ध्या तासात किती गार पडतं ते टिपायचं. फक्त मी वहीत मान घातली की तुम्ही ते पिल्लू मुठीत घ्यायचात. एकदा पकडलं.

"रुद्रप्पा, हे काय चाललंय?"

"गार पडलं की बाई."

"गार पडायलाच ठेवलंय!"

"मग पडलं की. बगून झालं न्हवं? आता उचलू द्या."

म्हणजे माझ्या तीन महिन्यांच्या आकड्यांत पिल्लांची ऊब किती आणि तुमच्या तळहाताची किती, ते देव जाणे. मी संतापले. तुम्ही वर मलाच विचारलंत, "बाई, मोटा उंदीर थंडीत कुडकुडतो. ही पिल्लं कुडकुडत न्हाईत, तरी पाठीला हात लावला की ऊन लागतंय. का?"

आमच्या बी.एस्सी.च्या वर्गात चाळीस मुलं होती. हा प्रश्न त्यांतल्या एकालाही पडला नव्हता. पडेल कसा, तो परीक्षेला येत नसे.

मग मी उभ्या उभ्या सांगितलं. पिल्लाच्या खांद्यांच्या पात्यांमध्ये तपकिरी चरबी असते. आपल्या पोटावरची पांढरी चरबी नुसती बसून खाते, ही जळते आणि ऊब देते. माणसाच्या बाळालाही ती असते. पोटात असताना ती साठते, पण पेटत नाही, कारण आईची ऊब आयती मिळते. बाहेर येऊन गार हवा लागली की पेटते.

"म्हंजे माहेरात कोन चूल पेटवतंय," तुम्ही म्हणालात. "सासरी गेल्यावर पेटवायची."

"तसंच समजा."

"आन् येळेआदीच सासरी धाडली तर?"

"तर चूल असते, सरपण नसतं. ही चरबी शेवटच्या महिन्यांतच भरते."

तुम्ही हसला नाहीत. तुमची लेक सावित्रम्मा तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती. तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात आलं आणि दोन दिवसांत गार पडून गेलं होतं. हे मला माहीत होतं, तरी बोलून गेले. शिकलेल्या माणसाला जीभ आवरायला कुणी शिकवत नाही.

जानेवारीत, सकाळी सकाळी, कुंभारीला तुमच्या घरी तिचं हे दुसरं बाळही, मुलगी, आठव्या महिन्यातच आलं. पुढचं मला तुमच्या पत्नी शरणम्मांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा राग उतरलेला नव्हता. सुईण शिवम्मा पाटावर पाय पसरून बसलेली. पाण्याला आधण आलेलं, तेल, बेसन तयार. आणि तुम्ही न्हाणीच्या दारात आडवे.

"आंगोळ घालायची न्हाय."

"पारोसं पोर घरात ठिवायचं? स्वामी पोरीच्या गळ्यात लिंग बांदायला येतील, त्यांनी बगून काय म्हनावं?"

"पुसलंय की कोरडं. उंदराच्या पिलाला कोन आंगोळ घालतंय?"

"अय्यो शिवा! माजी नात उंदीर हाय व्हय?"

"उंदीर जगतंय की!"

शरणम्मांनी रागारागानं आधण चुलीवरून उतरवलं. तुम्ही नात सावित्रम्माच्या उघड्या छातीवर पालथी ठेवलीत, वरून दोन चादरी. पहिले तीन दिवस आईचं दूध टाकून गुळाचं पाणी द्यायचं, हाही रिवाज मोडलात. सावित्रम्मा दमली की गळ्यातलं लिंग बाजूला सारून मुलगी स्वतःच्या छातीवर घेऊन बसलात. गल्लीतल्या बायका दारात येऊन विचारत, "आजोबा, डिंकाचे लाडू धाडू का?"

इकडे तुमचा अर्ज आला, 'नातीस ऊब देणेकरिता रजा मिळावी'. प्रमुखांनी नियमावली उघडली. बाळंतपणाच्या रजेत आजोबा नव्हते. रजा नामंजूर. तुम्ही ते वाचायलासुद्धा आला नाहीत, आणि उंदरांचे पिंजरे मला धुवावे लागले. संशोधनातला हा भाग मी कोणत्याही निबंधात लिहिलेला नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी तुम्ही सायकल आपटून आत आलात.

"बाई, पोरगी दूद ओडंना. पाट गार लागाया लागली."

"दवाखान्यात न्या!"

"जाऊन आलो. बाळं ठिवायची गरम पेटी एकच हाय, तिच्यात आदीच दोन हाईत."

मी पुस्तक काढलं. अनुक्रमणिका चाळली. नुकती जन्मलेली कोकरं होती, ससे होते, गिनीपिग होते, नातीचं पान सापडेना. मान वर केली तर तुम्ही नवा ड्रॉपर उकळत ठेवलेला. "सरपन संपलंय," एवढंच म्हणालात. आईचं दूध वाटीत काढायचं आणि थेंब थेंब पाजायचं, दर पाव तासाला. पिल्लं उपाशी असली की आधी गार पडतात, हे तुम्ही माझ्याच प्रयोगात पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं. मी आकडे पाहत होते.

तीन दिवसांनी ती ओढायला लागली. अकराव्या दिवशी तुम्ही कामावर हजर झालात, प्रमुखांची बोलणी खाल्लीत, आणि पिंजरे नीट धुतले नाहीत म्हणून मला सुनावलंत. मग दार लोटून हळू आवाजात बोललात.

"बाई, एकडाव कुंभारीला येता का? तिच्या पाटीवर हात ठिवून बगा. माज्या हाताला आता काय कळंना. सदा गरमच लागती. ती गरम हाय का माजा हातच गरम, कोन सांगनार?"

"रविवारी येते," मी म्हणाले.

रविवारी पेपर तपासायचे होते. सोमवारी तुम्ही विचारलंत, "मग ह्या रविवारी?" मी हो म्हणाले. असे किती सोमवार गेले ते मोजलेले नाहीत. मग तुम्ही विचारायचं सोडलंत, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आमच्या कॉलेजच्या दारातून कुंभारीला एस.टी.नं जायला अर्धा तास पुरत होता.