न फिरलेल्या मोटरची रीडिंग

मंडळी, आज सकाळपासून एक जुना आवाज कानात घुमतोय. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये स्टार्टरची मूठ हळूहळू सरकवली की मोटर आधी गुणगुणायची, आणि मग चौथीच्या वर्गाने एका सुरात कविता धरावी तशी घुमायची. त्या आवाजापायीच मी इलेक्ट्रिकलचा झालो.

दुपारी नात मुक्ता आणि तिचा कबनूरचा वर्गमित्र इरफान आमच्याकडे प्रॅक्टिकल लिहीत बसले होते. दोघंही इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला. मुक्ताने आधी मोटरच्या वेगाचा देखणा ग्राफ काढला आणि मग त्यावरून आकडे भरायला घेतले.

"अगं, रीडिंग आधी ना?"

"लॅबमधलं मशीन बंद पडलंय की, आजोबा," इरफान म्हणाला. "समदी असंच करत्यात."

"तुमच्या घरी मागावर कापड न विणताच किती मीटर झालं ते लिहितात काय रे?"

तो हसला. मला मात्र किळस आली. कविता न वाचता रसग्रहण लिहिणारी पोरं परवडली!

मुक्ताला म्हटलं, "असले खोटे आकडे देणार असशील तर माझ्याशी बोलू नकोस."

तिने रडत रडत सगळे आकडे खोडले. "उद्या सर नापास करतील," एवढंच म्हणाली.

मी जास्त ताणलं का? तुम्ही काय केलं असतंत?

हे लिहितोय तोच बेल वाजली. दारात तिचे सरच उभे!

"काका, मुक्ताची रीडिंग झाली का? उद्या बाहेरचे परीक्षक येताहेत. सगळा वर्ग तिचीच उतरवून घेणार आहे."