पाव कोयता

आमच्या पाथर्डीकडच्या गावात ऊसतोडीची माणसं कोयत्यावर मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. नऊ वर्षांची असताना मी पहिल्यांदा आई-वडिलांबरोबर तोडीला गेले, तेव्हा मुकादमानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या टोळीला सांगितलं, की ही आपला पाव कोयता. मी हरखून गेले. आज तो हात आठवला तरी झटकून टाकावासा वाटतो.

पाव कोयत्याचं काम काय, तर सहा महिन्यांच्या भावाला कडेवर घ्यायचं, तो झोपला की वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, पीळ करून उसाची मोळी बांधायची, तो रडला की पुन्हा कडेवर. पाल्यानं हात आणि गाल चिरायचे. पाणी भरणं, भाकरी करणं ही तर कामंच नव्हेत. फडातल्या बाया कौतुकानं म्हणायच्या, पोर मोठी गुणाची आहे. गुणाची म्हणे! आमच्याकडं पोर गुणाची ठरली की समजावं, तिच्यामुळं कुणाची तरी सोय झाली.

दिवाळीच्या आधी आम्ही गाव सोडायचो आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचो. त्यामुळं माझ्या प्रत्येक पुस्तकाची पहिली निम्मी पानं चुरगळलेली आणि पुढची कोरी करकरीत असायची. अपूर्णांक नेमके त्या कोऱ्या पानांत होते.

चौथीच्या वर्षी परत आले, तेव्हा वर्गात उजळणी चालली होती. बाईंनी विचारलं, अर्धा म्हणजे किती? सगळ्यांच्या आधी माझा हात वर. हे तर मला येत होतं.

"एक माणूस," मी म्हणाले.

"आणि पूर्ण म्हणजे?"

"नवरा-बायको."

वर्ग खिदळला. फडावरूनच परतलेली दोन पोरं तेवढी हसली नाहीत. त्यांना माझं उत्तर बरोबर वाटलं होतं. बाईंनी मला मागं जाऊन बसायला सांगितलं आणि पुन्हा कधी काही विचारलं नाही. हसणाऱ्या पोरांचा मला राग नाही. पण ज्या गावातली निम्मी घरं दरसाल कुलपं लावून तोडीला जातात, त्या गावच्या शिक्षिकेला हे उत्तर कुठून आलं ते कळू नये, याचा राग तीस वर्षांनीही गेलेला नाही. दहावीला गणितात मी तीनदा नापास झाले. आता अंगणवाडीत खिचडी शिजवते. सेविकेची जागा दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा माझ्याहून लहान पोरी खुर्चीवर येऊन बसल्या. मी त्यांना चहा करून देते आणि मनातल्या मनात जळते.

गेल्या दसऱ्यानंतर तोच कडेवरचा भाऊ घरी आला. आता तो स्वतः तोडीला जातो. म्हणाला, धाकटं आठ महिन्यांचं आहे, सांभाळायला थोरलीला बरोबर नेतो. थोरली चौथीत. ती शेजारीच उभी होती, खुशीत.

"आत्या, मुकादम म्हनला, मी पाव कोयता हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भावाला सांगितलं, पोरीला माझ्याकडं ठेव, तिचं खाणंपिणं, शाळा, सगळं मी बघते. त्यानं हसण्यावारी नेलं.

"तू बी गेल्तीस की, आक्का. काय बिघडलं तुझं?"

हे मला तो विचारत होता, ज्याला वागवून वागवून माझी डावी कंबर कायमची दुखरी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापुढं ट्रक भरत होता. मी चाकावर पाय देऊन वर चढले आणि पोरीची वळकटी ओढून खाली टाकली. मागोमाग तिलाही उतरवलं. भाऊ उडी मारून आला आणि त्यानं वळकटीचं एक टोक धरलं. दुसरं माझ्या हातात. माणसं जमली. लोकांसमोर तमाशा नको, असं कुणीतरी मलाच समजावू लागलं. मी तिकडं पाहिलंही नाही. मी पोरीला विचारलं,

"पाव म्हणजे किती गं?"

"चार सारख्या भागांतला एक. तिसरीतच झालंय ते."

"मग तू किती?"

ती गोंधळली. तिनं बापाकडं पाहिलं, ट्रकमध्ये बाळाला घेऊन बसलेल्या आईकडं पाहिलं. भावजयीनं बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पोरीकडं बघून होकारार्थी मान हलवली.

"एक," पोरगी हळूच म्हणाली.

"मोठ्यानं सांग. तुझ्या बापाला ऐकू आलं न्हाई."

तिनं मोठ्यानं सांगितलं. भावानं वळकटी सोडली.