डोंगरावरची ताजी माती

सारायेवोच्या जुन्या बाजारात नाफियाचं रजयांचं दुकान होतं. लोकर पिंजायची, साटीन अंथरायचं, टाके घालायचे. नवऱ्यामागे तिनं हे काम एकटीनं ओढलं होतं आणि म्हाताऱ्या बापाला सांभाळलं होतं. बाजारात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

त्या शरदात एका सकाळी दोब्रिला दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. दोघी एका बाकावर शिकलेल्या. नाफियाकडची ईदेची मिठाई, बकलावा, दोब्रिलाच्या घरी जायची, दोब्रिलाची ईस्टरची रंगीत अंडी नाफियाकडे यायची. लग्न होऊन दोब्रिला डोंगरापलीकडच्या गावी गेली. नवरा ओब्राद खोदकामाचं यंत्र चालवायचा. ती यायची ती कळवून, घरचं चीज घेऊन. आज हात रिकामे होते.

"दुकान बंद कर," ती म्हणाली. "मला शहर दाखव."

"शहर दाखव? अगं, इथं जन्मलीस तू! डोक्यावर पडलीस की काय?"

"पाहुणी समज मला. चल."

नाफियानं हसत फळ्या लावल्या.

आधी चेवापी खाल्ल्या. गरम पावात कोंबलेल्या मटणाच्या सुरळ्या, वर चिरलेला कांदा. दोब्रिलानं एक ताट संपवून दुसरं मागवलं. खानावळीचा मालक म्हणाला, "वहिनी, डोंगरावर दुष्काळ पडलाय का?" सगळे हसले. दोब्रिला हसली नाही. ती खाली मान घालून भराभर खात होती.

मग बाजारातल्या कारंज्याशी थांबल्या. दोब्रिला ओंजळीनं पाणी प्यायली आणि तिनं विचारलं, "हे कधी आटतं का गं?"

"आजवर तरी नाही."

"आणि तुझ्या घराला तळघर आहे ना अजून?"

"आहे की. लोणच्याच्या बरण्या आहेत त्यात. का? राहायला येतेस?"

दोब्रिला पुढं चालू लागली. नदीकाठच्या ग्रंथालयासमोर ती इतका वेळ उभी राहिली, की नाफियानं तिला कोपरखळी मारली. "शाळेत असताना आत ओढून न्यावं लागायचं तुला. आज काय भिंतींच्या प्रेमात पडलीस?"

"बघून घेते," दोब्रिला म्हणाली.

मरणाच्या दारातलं माणूस असं बोलतं, नाफियाला वाटलं. खिमा भरलेल्या बुरेकच्या दुकानात बसल्यावर तिनं दोब्रिलाचा हात धरला. "डॉक्टरनं काही सांगितलंय का? खरं बोल."

"मला काही झालेलं नाही."

"मग ओब्रादनं हात उचलला?"

"खा गं तू. गार होतंय." आणि तिनं आपल्या ताटातला मोठा तुकडा नाफियाच्या ताटात सरकवला. स्वतः खिडकीकडं पाठ करून बसली होती. त्या खिडकीतून डोंगर दिसायचा.

ती काही सांगेना, म्हणून नाफिया हट्टाला पेटली. "पाहुणी ना तू? मग रोपवेच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचं. तिथून सगळं शहर दिसतं."

"वर नको, नाफिया."

"का नको?"

"चक्कर येते मला."

"लहानपणी पाळण्यातून वाकून खाली थुंकायचीस! चल मुकाट्यानं."

रोपवेच्या पाळण्यात दोघीच होत्या. खाली कौलं लहान होत गेली. दोब्रिलानं डोळे मिटले ते वर पोचेपर्यंत उघडले नाहीत.

वर पायवाटेनं त्या पाइनच्या झाडीत शिरल्या आणि वाट मध्येच संपली. पुढं ताजी माती उपसलेली होती. उतारावर लांबच लांब चर गेला होता, कडेला लाकडाचे ओंडके रचले होते. एक कोवळा सैनिक पुढं आला. "मावशी, मागं फिरा. सराव चाललाय."

"कसला सराव बाबा, आमच्या डोक्यावर?" नाफियानं विचारलं. तो ओशाळून बाजूला बघू लागला.

नाफियानं चराकडं पाहिलं. मग चर जिकडं तोंड करून होता तिकडं पाहिलं. तिकडं तिची गल्ली होती. सकाळी तिनंच वाळत घातलेली रजईची लाल खोळ इथून स्पष्ट दिसत होती.

"तोफांसाठी ओब्रादनं खणलंय हे," मागून दोब्रिला म्हणाली. "रस्त्याचं काम म्हणून सैन्यानं नेलं त्याला. त्या रात्री भरल्या ताटावरनं उठून गेला. मला म्हणाला, कुणाला बोललीस तर आपलं घर राहणार नाही. तू जा नाफिया. तुझी आत्या तिकडं लांब ल्युब्ल्यानात आहे ना? बाबांना घे आणि जा. लवकर जा."

नाफिया गर्रकन वळली. "हे माहीत असून सकाळपासून मला गिळायला घालतेयस?"

"एक दिवस हवा होता मला. तुझ्याबरोबरचा."

"आणि तो? अजून खणतोच आहे?"

दोब्रिलानं मान खाली घातली.

दोघी पाळण्यातून खाली उतरल्या. बसथांब्यावर दोब्रिलानं मिठी मारायला हात पुढं केले. नाफिया शाल सावरत उभीच राहिली.

घरी येऊन तिनं बापाला सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "वेडी का खुळी? आपलंच सैन्य आपल्यावर गोळे टाकेल?" तो घर सोडायला तयार होईना, आणि त्याला सोडून जाणं तिला जमेना. तिनं तळघर रिकामं केलं, गाद्या खाली नेल्या, पिंपं भरून ठेवली. शेजारणी दारात उभ्या राहून हसल्या. वसंतात गोळे पडू लागले तेव्हा त्याच शेजारणी पोरंबाळं घेऊन त्या तळघरात शिरल्या.

उन्हाळ्यात ग्रंथालय जळालं. जळक्या कागदांची राख गल्लीभर पडत राहिली. नाफियानं रजया एकमेकींना शिवून मोठे पडदे केले. रस्त्यावर आडवे टांगले की डोंगरावरच्या बंदुकवाल्याला माणसं दिसत नसत. बाप दुसऱ्या थंडीत गेला, अंथरुणातच. त्याला गल्लीमागच्या बागेत केलेल्या नव्या कबरस्तानात अंधार पडल्यावर पुरलं.

लढाई थांबल्यावर दोब्रिला आली. केस पांढरे झालेले. ओब्राद त्या डोंगरावरच सुरुंगावर पाय पडून मेला होता. दोघी बसथांब्याच्या बाकावर बसल्या.

"का नाही गेलीस गं?" दोब्रिलानं विचारलं.

"बाबा हलेनात." नाफिया म्हणाली. "तळघराचं मात्र तुझ्यामुळं सुचलं. माणसं वाचली त्यात."

दोब्रिला रडू लागली. नाफियानं तिला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. बस आली तेव्हा म्हणाली, "पुढच्या वेळी कळवून ये."