टेम्पोची निघायची वेळ

डबे इलेक्ट्रिक टेम्पोत चढले होते आणि टेम्पो जागचा हलेना. रात्रीचे साडेआठ वाजले होते. हिंजवडीतलं नवं लेडीज हॉस्टेल माझ्या पोळी-भाजी केंद्राकडे आलं, त्याचा तो पहिलाच दिवस. मालकीणबाईंनी बजावलं होतं, "नऊच्या पुढे डबे आले तर उद्यापासून दुसरीकडे सांगेन." बाई बोलते तसं करते.

"मावशी, बॅटरी नऊ टक्के," ड्रायव्हर सुखदेव म्हणाला.

"दुपारपासून चार्जिंगला आहे ना?"

"हाय की. वायर बी लावलेलीच हाय."

हा चार्जर त्याच सकाळी ट्रायलवर बसवला होता. सोप्या भाषेत सांगते. संध्याकाळी घरोघरी एसी, इंडक्शन चालू होतात. तेव्हा ग्रिडवर, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या जाळ्यावर, ताण येतो. अशा वेळी हा चार्जर उभ्या गाडीच्या बॅटरीतून वीज काढून ग्रिडला देतो आणि नंतर बॅटरी परत भरतो. शेजारणीचा गॅस संपला की आपण टाकी देतो, तिची आली की परत घेतो, तसंच. ॲपमध्ये फक्त गाडी निघायची वेळ टाकायची. त्या वेळेला बॅटरी फुल मिळते.

मी इंजिनीअर निखिलला फोन लावला. चार्जर त्यानेच बसवला. राहतो जवळच, आणि रात्रीचा डबा माझाच खातो.

"काकू, डबा निघाला का?"

"तुझ्या मशीनने खाल्ला. बॅटरी रिकामी आहे."

त्याने लॅपटॉपवर पाहिलं. "तुम्ही वेळ सात टाकलीय. सातला फुल होती. गाडी निघालीच नाही, म्हणून सिस्टिमला वाटलं आज जाणार नाही. मग घेतली वीज."

"सुखदेवला सांगते तीच टाकली. सात सांगितलं की तो साडेआठला येतो."

"पण मशीन वेळेवर काम करतं, काकू!"

"मला काय माहीत? माझ्याकडे आजवर असं कोणी कामाला नव्हतं. आता बोलत बसू नकोस, तुझी गाडी घेऊन ये."

आला. गाडी पेट्रोलची. टोमणा नंतरसाठी ठेवला, आधी डबे जायचे होते. मागे छतापर्यंत डबे, त्यांच्यात सुखदेव, पुढे माझ्या मांडीवर आमटीचं पातेलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला निखिल माझी माफी मागत होता. नऊला जेमतेम पोचलो.

मालकीणबाईंनी त्याच्या गळ्यातलं कंपनीचं कार्ड पाहिलं. "डबे पोचवायला इंजिनीअर ठेवलाय?"

"हो. ड्रायव्हर उशिरा येतात."

दुसऱ्या दिवशी मी ॲपमध्ये खरी वेळ टाकली, साडेआठ. चार्जरने वीज नेली, परत आणली, साडेआठला बॅटरी फुल. सुखदेवचा मात्र पत्ता नाही. तो दहाला उगवला. ॲपमधली वेळ त्याच्याही मोबाईलवर जाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही डबे निखिलनेच पोचवले.

आता सुखदेवच्या मोबाईलमधून ॲप काढलंय. मशीनला साडेआठ सांगते, सुखदेवला सात. खरी वेळ ज्याला पाळता येते, त्यालाच सांगावी.