सीताक्कांचं भंगार

गेल्या लेखाखाली एका वाचक ताईंनी विचारलं, "तुम्ही चेन्नईला गेलाच नाहीत का?" गेले होते हो! पण तेव्हा आपण सगळे मद्रासच म्हणायचो. साठचं दशक होतं. नर्सिंगची परीक्षा देऊन मी पुण्यात निकालाची वाट बघत बसले होते आणि आईला माझ्या आवराआवरीचा वीट आला होता. मला वस्तू जागच्या जागी लागते, जास्तीची तर दिसलेली खपत नाही. तेवढ्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं पत्र आलं. ती तंजावरकडच्या मराठी घरात दिलेली, टी. नगरात राहायची. तिची नणंद सीताक्का निर्वासितांच्या कॅम्पात परिचारिका होती आणि तिला मदत हवी होती. आईने त्याच दिवशी माझी ट्रंक काढली.

तिकिटाचे तेव्हाचे भाव सांगितले तर तुम्ही हसाल, म्हणून सांगत नाही. एवढंच सांगते, की गुंटकलनंतर जेवणात ताक-भात आणि लिंबाचं लोणचं घ्या, बाकी कशाच्या वाटेला जाऊ नका. मद्रासला उतरले तर सकाळी आठलाच घामाने पातळ अंगाला चिकटलेलं. ताईच्या घरी पितळी पेल्यातली कॉफी मिळाली आणि मी माणसात आले.

दुसऱ्या दिवशी सीताक्कांबरोबर मांबलमहून विजेच्या गाडीने तांबरमला गेलो आणि पुढे बसने. झावळ्यांच्या छपरांच्या लांबच लांब झोपड्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्मदेशात राहिलेली तमिळ माणसं घरंदारं, दुकानं तिथेच सोडून बोटींनी परत आली होती. खोकला, जुलाब, खरूज यांवर आमच्याकडे औषध होतं. वळ्ळियम्मावर नव्हतं. पन्नाशीची बाई, बोटीतून उतरल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेली. दोन घोट पेजेपलीकडे काही घेत नव्हती. दिवसभर एकच शब्द पुटपुटायची. डॉक्टरांनी निर्णय घेतला होता, शनिवारी तिला वेड्यांच्या इस्पितळात हलवायचं. तिथून परत आलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी गुरुवार होता. सीताक्का औषधं आणायला निघाल्या आणि जाताना म्हणाल्या, "तिच्या उशाकडे गाठोडं आहे बघ. त्यांत भंगार आहे. बघून घे."

मी बघितलं. जुन्या लुंगीत गुंडाळलेला, हातभर लांबीचा वाकडा लाकडाचा तुकडा. भंगारच की! वळ्ळियम्माचा डोळा लागला होता. मी तो तुकडा स्वयंपाकाच्या सरपणावर टाकून आले, लुंगी धुतली, चटई झटकली आणि स्वतःवर खूश झाले.

वळ्ळियम्मा जागी झाली. उशाशी हात फिरवला आणि अशी किंचाळली, की शेजारच्या झोपड्यांतल्या बायका धावत आल्या.

सीताक्काही पोचल्या. "भंगार कुठें गं?"

"टाकलं."

"भंगार टाकलंस? अय्यो!"

"तुम्हीच म्हणालात ना, बघून घे?"

"बघून घे म्हणजे सांभाळ! आणि आमच्या तंजावरी मराठींत भंगार म्हणजे सोनं. बिचारी तंगम, तंगम करतें, तमिळांत सोनंच की तें!"

"सोनं कुठलं? नुसतं लाकूड होतं!"

आता किंचाळायची पाळी माझी होती, पण मी धावत सुटले. सीताक्का आणि बायका मागे. चुलीपाशी आचारी पातेल्यात पळी फिरवत होता. तो तमिळमध्ये काही बोलला आणि मागे बोट दाखवलं. लाकूड राखेत वेगळं ठेवलेलं होतं, एक टोक काळं पडलेलं.

"जळूं लागलं तर चंदनासारखा वास आला," सीताक्कांनी सांगितलं. "म्हणून ओढलं म्हणतो."

मी तिथेच राखेत बसले आणि रडले. त्या आचाऱ्याच्या नाकाला अजून हात जोडते.

वळ्ळियम्माने लाकूड हातात घेतलं, हुंगलं, आणि तोच शब्द पुन्हा म्हणाली. या वेळी मोठ्याने. तंगम नव्हतं ते. "तनाखा!" जमलेल्या बायका एकदम बोलायला लागल्या. तिकडच्या बायका रोज सकाळी हे लाकूड पाण्यात उगाळून गालांना लावतात, तो तनाखा. बोटीने येताना ते कोणाला सोबत आणता आलं नव्हतं. हिला ते बंदरावर मुलीने दिलं होतं. मुलगी तिथल्याच माणसाला दिलेली, ती मागे राहिली.

"इतके दिवस मी सोनं ऐकत बसलें," सीताक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या.

शुक्रवारी त्या घरून देवाची सहाण घेऊन निघाल्या. तांबरमच्या गाडीत दगड मांडीवर घेऊन बसलेल्या सीताक्का मी कधी विसरणार नाही. ताईच्या सासूबाईंनी कुरकुर केली, तर सीताक्का म्हणाल्या, "देवाला एक दिवस गंध नको. हिला हवं."

वळ्ळियम्मा उठून बसली. जळकं टोक वर धरून दुसरं उगाळलं, गालांवर दोन पिवळट वर्तुळं काढली, मग माझा चेहरा ओढून मलाही लावलं. थंडगार. नंतर तिने पेज मागितली आणि वाटी संपवली. शनिवारी डॉक्टर आले तेव्हा सहाणेभोवती सात-आठ जणी बसल्या होत्या आणि एकीचं बोलणं दुसरीला ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी तिला हलवायचा कागद फाडला नाही, पण घडी करून खिशात ठेवला. आम्हाला तेवढं पुरलं. परतीच्या बसमध्ये मी आणि सीताक्का कारण नसताना हसत होतो.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. घर गेलं, मुलगी समुद्रापार, ते उगाळून भरत नाही. पण ती वेड्यांच्या इस्पितळाच्या गाडीत चढली नाही. मद्रासला गेलात तर समुद्र बघा, साड्या घ्या. मी मात्र पुण्याला एकच गोष्ट आणली. पुढे इतकी वर्षं नोकरी केली, पण रुग्णाच्या उशाची वस्तू विचारल्याशिवाय हलवली नाही. आवराआवर फक्त घरी, आणि तिथेही मुलं ओरडतात.

काही महिन्यांनी सीताक्कांचं कार्ड आलं. कोपऱ्यात, जागा संपत आल्यावर लिहिलेलं: "वळ्ळियम्माचं भंगार अंगठ्याएवढं उरलं. काल तिनें मुलीस पत्र लिहायला कागद मागितला."

या वेळी तो शब्द मला बरोबर कळला.