मुक्या हातांच्या बायका

मेहरुनबीच्या अंगणात सकाळपासून बायका येऊन बसायच्या. पिवळ्याजर्द, जांभळ्या साड्या, जरीचे काठ, डोक्यावर पदर. ओळीनं बसून सगळ्याजणी हात पुढे करायच्या. तोंडातून शब्द नाही. मेहरुनबीनं डोळे घट्ट मिटून उघडले की कधी निघून जायच्या, कधी पार दुपारपर्यंत ठाण मांडायच्या.

त्या खऱ्या नाहीत हे तिनं लवकरच ओळखलं, कारण त्यांचे हात वाजत नव्हते. तिचा सगळा जन्म बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात गेलेला. बाई अंगणात शिरली की आधी हातांची किणकिण यायची, मग बाई. ह्या मात्र नुसत्या दिसायच्या.

खऱ्या माणसांचं उलटं झालं होतं. चेहऱ्याच्या जागी धुराचा गोळा, कडेकडेनं दिसेल तेवढंच. डोळ्याचा मागचा पडदा झिजलाय, गेलेली नजर परत यायची नाही, असं सांगलीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बायकांचं मात्र तिनं डॉक्टरांना सांगितलं नाही, मुलाला नाही, सुनेला म्हणजे आसियालाही नाही. म्हातारीचं डोकं फिरलं अशी आवई एकदा उठली, की नवरीचा हात कोण देणार तिच्या हातात? भरायला तिला डोळे लागत नव्हते. पंजा दाबून अंगठा आत मुडपला की माप कळायचं आणि बांगडी अलगद मनगटावर उतरायची. तिचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

अशात शालूबाईच्या नातीचं, संयोगिताचं लग्न ठरलं. इस्लामपूरच्या अलीकडं उसाच्या रानात त्यांचं घर. शालूबाई त्या घरात नवी सून होऊन आली तेव्हापासून तिच्या हातात मेहरुनबीनंच बांगड्या भरलेल्या. "तुझा हात हाय का भाकरी गं?" असं मेहरुनबी म्हणायची आणि "भर मुकाट्यानं, ओरबाडलंस तर चहा मिळायचा न्हाई," असं शालूबाई. पण दिवाळीच्या तोंडावर शालूबाईचे मालक केरबा गेले, आणि तिच्या हातातली काच उतरली.

"आवं मेहरुनआजी, आमच्या आजीला बी भराय पायजेत," बोलवायला आलेली संयोगिता म्हणाली. "मी लय सांगितलं. म्हणती, आता मला कुठल्या बांगड्या? मेहरुननं आपणहून हात धरला, तर बघीन."

"बघायचं काय त्यात? तिला म्हणावं, नुसती म्होरं येऊन बस."

त्याच दिवशी मेहरुनबीनं शालूबाईच्या मापाच्या मोरपंखी बांगड्या कागदात गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात वेगळ्या ठेवल्या.

चुड्याच्या दिवशी तिनं शालूबाईच्या घरी, बाहेरच्या सोप्यात पाऊल टाकलं. तिच्या त्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. पोत्यांवर, खिडकीपाशी, उंबऱ्यावर. एरवीपेक्षा जास्तच. मान खाली घालून ती बसली आणि तिनं कान लावले. वाजेल त्याच हाताला हात लावायचा. संयोगिताचा हिरवा चुडा भरताना एकही बांगडी पिचली नाही. नवरी पाया पडली. मग किणकिण येईल तशा काक्या, माम्या.

"मेहरुनबी, डोळं मिटून भरताय व्हय?" कुणीतरी हसलं.

"तुमच्या गोऱ्या हातानं डोळं दिपत्यात, काय करू?" सोपा खिदळला.

चहा झाला तशा सगळ्याजणी नवरीला घेऊन आत गेल्या. सोबत आलेली आसिया गाडीतल्या बांगड्या आणायला बाहेर पडली. मेहरुनबी एकटीच राहिली, आणि एक बाई समोर येऊन बसली. फिकट साडी, कपाळापर्यंत पदर. आवाज नाही. दोन्ही हात पुढे धरून, मान खाली घालून बसली.

मेहरुनबीनं डोळे मिटून उघडले. बाई तिथंच. परत मिटून उघडले, तरी तिथंच. सकाळपासून दाबून धरलेला वैताग उसळला.

"आता तू कशाला आलीस गं? ऊठ हितनं! तुझ्या हातात भराय माझ्याकडं काय न्हाई. जा म्हणते न्हवं!"

फिकट साडी हलली.

"जाते गं," शालूबाईचा आवाज आला. "वाटलंच हुतं मला."

मेहरुनबी हात पसरून पुढे झेपावली. पेटी कलंडली, काच खळाखळा सांडली. "शालू! अगं, तुला न्हाई!"

"मग कुणाला?" शालूबाईची जाऊ दारातून म्हणाली; आवाजानं आतल्या सगळ्याजणी तिथं जमल्या होत्या. "सोप्यात दुसरं हाय कोण?"

इतके दिवस लपवलेलं मेहरुनबीला तिथं, सगळ्यांसमोर सांगावं लागलं. बायका दिसतात. खोट्या. हात पुढं करून बसतात. दाराशी आलेल्या नवरीचा हात धरून कुणीतरी तिला मागं ओढलं.

आसियानं पुन्हा डॉक्टरांना गाठलं. हा वेडाचा प्रकार नाही, ते म्हणाले. नजर जाते तेव्हा मेंदू रिकाम्या जागी आपलीच चित्रं भरतो; ह्याच्यावर गोळी नाही. आसिया तेवढं सांगायला शालूबाईकडं गेली. शालूबाईनं चहा केला, सगळं ऐकून घेतलं.

"तिच्यावर राग न्हाई गं माझा," ती म्हणाली. "पण मी लाज सोडून हात म्होरं केला आन् असं बोलणं आलं. मालकांचंच बोलणं असंल ते, तिच्या तोंडनं आलेलं. आता पुन्यांदा हात म्होरं करायचं मन हुईत न्हाई."

मेहरुनबीला चुड्याला आता कुणी बोलवत नाही. पेटी माळ्यावर गेली. मोरपंखी बांगड्यांची पुडी तेवढी तिच्या ओटीत असते. बायका रोज येतात. ती त्यांना घालवत नाही. फिकट साडीतली दिसली की पुढे सरकते, चाचपत हात लांब करते.

"शालू, तू हाईस का गं?"

"अम्मी, कुणी न्हाई तिथं," आसिया आतून म्हणते.

"ठावं हाय," मेहरुनबी म्हणते, आणि ओळीतल्या पुढच्या बाईकडं हात नेते.